हयात माणसाचे मोकळे नाव

एग्बर्ट जोफील्ड यांना एग्बर्ट या नावाने हाक मारणारी माणसे आमच्या बेटावरच्या सान फर्नांडोत फार थोडी उरली होती. एक त्यांची बायको आयोनी, दुसरे चर्चमधले पाद्री, आणि तिसरे मासळी धक्क्यावरच्या बर्फखान्याचे हजेरीपत्रक. बाकी सर्वांसाठी ते लॉर्ड बॅरोमीटर होते आणि जवळच्यांसाठी नुसते बॅरो.

त्यांनी बर्फखान्यात एकोणचाळीस वर्षे काढली. पहाटे होड्या धक्क्याला लागायच्या आत लाद्या फोडून ठेवायच्या, हे त्यांचे काम. किती लाद्या फोडायच्या ते होड्या किती येणार त्यावर ठरते, आणि होड्या किती येणार ते समुद्रावर ठरते. त्यामुळे बॅरो रोज संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला उभे राहून आखाताकडे बघत आणि दुसऱ्या दिवसाचा अंदाज बांधत. अंदाज चुकला की बर्फ वाहून जाई आणि मालक बोलत असे. फारसा चुकत नसे. पुढे कोळणी त्यांना विचारू लागल्या, मग लग्न ठरवणारे विचारू लागले, आणि शेवटी क्रिकेटचे सामने भरवणारेही.

एकोणीसशे एकाहत्तर साली ते आमच्या तंबूत प्रथम गायले. तंबू म्हणायची फक्त पद्धत. पूर्वी खरोखर कनाती बांधून कॅलिप्सोचे, म्हणजे चिमटे काढणाऱ्या गाण्यांचे, खेळ होत. आता कामगार संघटनेचे सभागृह आहे, वर पंखे आहेत, खाली लोखंडी खुर्च्या आहेत. त्या वेळी आमच्या तंबूत लॉर्ड टाइमटेबल नावाचे जुने गायक होते, रेल्वे बंद पडेपर्यंत गार्ड होते. त्यांनी एग्बर्टला तीन दिवस घरी बोलावून गाऊन घेतले, चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यावर चमचाभर रम ओतली आणि सर्वांसमक्ष सांगितले, "आजपासून हा बॅरोमीटर."

नाव असे मिळते. कोणाचे आधीचे नाव घ्यायचे असेल तर ते मागायला जावे लागते. रमची बाटली न्यायची, तंबूतले एक जबाबदार माणूस बरोबर न्यायचे, दारात उभे राहून एक कडवे गायचे. नावाचा धनी हो म्हणाला तर नाव मिळाले. धनी वारला असेल तर त्याच्या बायकोकडे जायचे, तीही नसेल तर मुलांकडे. हे कुठे लिहिलेले नाही. पण आमच्या तंबूत गाणारा, वाजवणारा, तिकिटे फाडणारा, सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. मी बावीस वर्षे तंबूचा चिटणीस आहे. दिवसा जहाज कंपनीच्या एजंटाकडे कागदपत्रे बघतो, येत्या ऑगस्टमध्ये निवृत्त होईन. कागद तपासल्याशिवाय सही करायची नाही, हे मी माझ्या हाताखालच्या दोन पिढ्यांना शिकवले आहे.

बॅरो कधी मोठे झाले नाहीत. स्पर्धेच्या अंतिम फेरीला ते एकदाच गेले, त्यात शेवटून दुसरे आले, आणि त्यावरच पुढच्या वर्षी गाणे केले. पण ऐनवेळी समोरच्या माणसावर कडवे रचण्यात त्यांचा हात धरणारा बेटाच्या दक्षिणेत कोणी नव्हता. अकरा वर्षांपूर्वी ते अचानक यायचे बंद झाले. मी दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. तिसऱ्या वर्षी मी यादीतल्या त्यांच्या नावावर रेघ मारली. त्यांचे घर माराबेलात आहे, माझ्या घरापासून चार मैलांवर.

आता नोव्हेंबरातल्या त्या शनिवारची गोष्ट.

अकीशा नोरेगा ही सव्वीस वर्षांची मुलगी सरकारी दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. गळा असा की पहिल्याच तालमीला ढोलवाल्याचा हात थांबला. फक्त तिला नाव नव्हते. पोस्टर सोमवारी दुपारी छापायला जायचे होते, आणि मॅनेजर हॉलिस बॅप्टिस्टने मला बजावले होते, "पँटिन, त्या पोरीला नाव दे, नाहीतर मी 'रक्त काढणारी' म्हणून छापतो."

सभागृहामागच्या माझ्या खोलीत ती सकाळी दहाला आली. हातात फोन, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेले दोन डबल्स, छोले भरलेल्या पुऱ्या, त्यातला एक माझ्यासाठी.

"पँटिनकाका, नाव असं हवं की फोनवरच्या चारी ॲपवर एकच मिळेल. एकीकडे एक नि दुसरीकडे आकड्याची शेपटी लावलेलं, असं नको. लोक शोधणार कुठे मला?"

"आमच्या वेळी लोक तंबूत शोधायचे."

"तुमच्या वेळी लोक चालायचेसुद्धा."

तिने शोधायला सुरुवात केली. नाव लिहायचे की खाली, कोणी घेतलेले असेल तर तांबडी फुली, मोकळे असेल तर हिरवी खूण येई. लेडी मॅंगो, फुली. क्वीन कॅसावा, फुली. माइटी मीना, फुली. ती कोणी फिलिपिन्समधली केस कापणारी निघाली. मला त्या खेळाची गोडी लागली हे कबूल केले पाहिजे. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. चष्मा बदलला. कागद घेतला, चार रकाने आखले आणि नावे लिहून फुल्या मारू लागलो. बारा वाजेपर्यंत एकतीस नावे झाली आणि एकाही ओळीत चार हिरव्या खुणा नव्हत्या.

"काका, जगात नावंच संपली बघा."

तेव्हा मी म्हणालो, "लॉर्ड बॅरोमीटर बघ."

का म्हणालो? खूप विचार केला आहे त्यावर. मला तो तक्ता पूर्ण करायचा होता, दुसरे काही नाही. तिने लिहिले. हिरवी खूण. दुसरीकडे हिरवी. तिसरीकडे, चौथीकडे. ती खुर्चीतून उठून नाचली. "लॉर्ड! बाई लॉर्ड म्हणून आली तर लोक वळून वळून बघतील, काका!" मग थांबली. "पण हे कोणाचं होतं ना? मी आजीकडून ऐकलंय."

"होता एक जुना गाणारा. बर्फखान्यातला."

"आहेत ते? नाव मागायला जावं लागेल."

तिने विचारले. ती सव्वीस वर्षांची, पण रीत तिला माहीत होती आणि तिने विचारले. मी म्हणालो, "नसावेत. अकरा वर्षांत कोणी पाहिलं नाही."

"मग घरचं कोणी?"

"बघू ते. मी चौकशी करतो. तू आधी नाव घेऊन ठेव, नाहीतर तेही जाईल."

पुढच्या शनिवारी माराबेलाला जायचे, असे मी डायरीत लिहिले. त्या शनिवारी छापखान्यातून पोस्टर आले. त्याच्या पुढच्या शनिवारी माझी दाढ दुखत होती. खरे सांगायचे तर दाढ शुक्रवारी दुखत होती. शनिवारी बरी होती.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी हंगामासाठी गाणाऱ्यांची निवड असते. मी दाराशी टेबल टाकून बसतो, गाणाऱ्याचे नाव लिहितो आणि नंबर देतो. तीनच्या सुमारास माझ्या कागदावर सावली पडली. वर बघितले तर तपकिरी सूट, टोपी, आणि टोपीखाली एग्बर्ट जोफील्ड. बारीक झाले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असतील. बुटांना पॉलिश होते.

"काय पँटिन, जाड झालास. मला बारावा नंबर दे. पूर्वीही बारावाच असायचा."

त्यांनी हसून भिंतीकडे पाहिले. भिंतीवर पोस्टर होते. त्यांच्यासारखीच टोपी तिरकी घातलेली अकीशा, आणि खाली बोटभर अक्षरांत 'लॉर्ड बॅरोमीटर, नवा आवाज'. त्यांनी ते वाचले. जवळ जाऊन परत वाचले.

"ही कोण?"

"बॅरो, तुम्ही बसा जरा."

"मी बसायला नाही आलो, गायला आलोय. ही कोण?"

आवाज ऐकून हॉलिस बाहेर आला. हॉलिस मनाने वाईट माणूस नाही, पण त्याला सगळे पटकन मिटवायची घाई असते. "अरे बॅरो! तुम्ही? आम्हाला वाटलं... जाऊ दे. हे बघा, नाव आता छापून झालंय, पोरीच्या मागे फोनवर चार हजार माणसं लागलीत त्या नावाने. तुम्ही असं करा, एग्बर्ट जोफील्ड म्हणून गा. लोकांना जुना माणूस आवडतो."

"एग्बर्ट बर्फ फोडतो," बॅरो म्हणाले. "एग्बर्टला गाता येत नाही. कधीच येत नव्हतं." मग माझ्याकडे वळले. "नाव दिलं कोणी हिला?"

"फोनवर बघितलं, बॅरो," मी म्हणालो. "मोकळं दिसलं."

"फोनला विचारलंत."

"हो."

"चांगलं केलंत. फोन हुशार असतो म्हणतात. आणि माराबेलाची बस काय बंद पडली होती?"

ते गेले. बसथांब्यापर्यंत त्यांच्या मागे जावे असे मला वाटले, पण पुढे तेराव्या नंबरचा गाणारा उभा होता आणि मी त्याचे नाव लिहून घेतले.

संध्याकाळी अकीशाचा फोन आला. ढोलवाल्याने तिला सांगितले होते.

"काका, तुम्ही म्हणालात ते गेले."

"नसावेत म्हणालो होतो."

"नसावेत?" ती म्हणाली. "काका, मी रोज वीस जणांचं रक्त काढते. सुई टोचण्याआधी प्रत्येकाचं नाव त्याच्या तोंडून वदवून घेते. तुम्ही मला चार मैलांवरच्या माणसाचं नाव... उद्या चारला माझी ड्यूटी संपते. मला तिकडे घेऊन चला. बाटली मी आणते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बॅरो ओसरीत बसून सोरेलची लाल फुले सोलत होते, ख्रिसमसच्या सरबतासाठी. बिया एका भांड्यात, पाकळ्या दुसऱ्यात. आतल्या खोलीत शिवणयंत्र होते, त्यावर इस्त्री केलेले कापड पांघरलेले. अकीशाने बाटली पायरीवर ठेवली, आपले नाव आणि दवाखान्यातले काम सांगितले आणि ती उभीच राहिली.

"बस की," ते म्हणाले. "उभ्याने रक्त काढतेस का?"

"नाव मागायला आलेय, आजोबा. उशिरा आलेय."

"उशिरा नाही, उलटी आलीस. आधी घेतलंस, मग मागतेस." पण त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. बोटे चालूच होती. त्यांनी आपण होऊन सांगितले, म्हणून मला कळले. अकरा वर्षांपूर्वी आयोनीला झटका आला, उजवी बाजू गेली. तिला उचलणे, न्हाऊ घालणे, भरवणे सगळे त्यांनीच केले. पहिल्या वर्षी ती गाणे ऐकून रडायची, म्हणून त्यांनी घरात गुणगुणणेही सोडले. गेल्या ईस्टरला ती गेली. "मग घर इतकं गप्प झालं की मला माझंच जुनं गाणं आठवेना. नवीन केलं. म्हटलं, एकदा तंबूत म्हणून बघू, येतंय का अजून."

मी पाठवलेल्या दोन पत्रांबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. मीही नाही.

मग त्यांनी मान वर केली. "पोरी, मी मेलो असं तुला कोणी सांगितलं?"

अकीशा माझ्या शेजारी उभी होती, हातभर अंतरावर. ती माझ्याकडे वळली नाही. "असंच ऐकलं होतं, आजोबा. मी नीट विचारायला हवं होतं. चूक माझी."

त्या वेळी मला तोंड उघडता आले असते. एकच वाक्य होते. मी भांड्यातल्या लाल पाकळ्यांकडे बघत राहिलो, आणि ते वाक्य बोलायची वेळ निघून गेली.

तिने कडवे गायले. बॅरोंनी डोळे मिटून ऐकले, मध्ये एकदा बोटाने ताल सुधारला, आणि शेवटी "कायसो!" म्हणाले. आमच्याकडे यापेक्षा मोठी दाद नाही.

"आवाज आहे," ते म्हणाले. "पण नाव नाही मिळणार. मला लागतंय अजून."

"आजच सोडते," ती म्हणाली, आणि तिने तिथेच फोन काढला.

"थांब. ते सोडून तू काय म्हणवून घेणार? बिननावाची फिरणार? काम काय करतेस म्हणालीस? रक्त काढतेस. मग लेडी सिरिंज."

ती खळखळून हसली. लिहून बघितले. "फुली, आजोबा. घेतलंय कोणीतरी."

"कोणी?"

"पोर्तुगालमध्ये... मांजर आहे. मांजराचे फोटो आहेत सगळे."

"गाते का?"

"नाही."

"मग नाव तुझंच. मांजराची तक्रार आली तर माझ्याकडे पाठव." त्यांनी बाटली फोडली, चमचाभर रम तिच्या केसांवर ओतली, आणि तिने चारी ठिकाणी नावाला शेपटी लावून घेतली. फोनवरचे जुने खाते तिने त्यांच्या नावावरच ठेवले. आपली छायाचित्रे काढून टाकली आणि त्यांचा ओसरीतला एक फोटो काढून लावला. परत येताना गाडीत ती माझ्याशी बोलली, हवेबद्दल, ड्यूटीबद्दल. मूळ गोष्टीबद्दल एक शब्दही नाही. तिने रागावायला हवे होते. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते.

शहरभर लावलेल्या त्रेपन्न पोस्टरांवर मी स्वतः कागदाच्या पट्ट्या चिकटवत फिरलो. हॉलिस म्हणाला, "पँटिन, पोरांना सांगितलं असतंस तर झालं असतं." मी म्हणालो, मला व्यायाम हवा आहे.

जानेवारीतला पहिला रविवार. दुपारी तीनचा खेळ हा पेन्शनरांसाठी असतो; सभागृह भरले होते. बारावा नंबर जवळ आला तसा मी पडद्यामागे गेलो. बॅरो टोपी झटकत उभे होते.

"बॅरो, एक सांगायचंय. तुम्ही नाही असं त्या मुलीला मी सांगितलं. तिने विचारलं होतं. तिची चूक नाही."

त्यांनी टोपी घातली, आरशात तिरकी केली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुझ्या तोंडावर तेव्हाच होतं. मी वाट बघत होतो, तिथे ओसरीत. हे आता सांगतोस, पाच मिनिटं राहिली असताना?" आणि ते मंचावर गेले.

गाणे आयोनीवर होते. तिसऱ्या कडव्यात आवाज फाटला, त्यांनी तो फाटू दिला, आणि लोक उभे राहिले. मग वाद्ये थांबली नाहीत, कारण बॅरोंनी हात वर केला होता. आता ऐनवेळची कडवी येणार, हे सगळ्यांनी ओळखले. मी धावत येऊन पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीत बसलो.

आमच्याकडे कोणी कोणाचे वाईट केले की पोलिसात जात नाहीत, भांडतही नाहीत. गाणारा त्याला भर तंबूत, नाव घेऊन, कडव्यात धुऊन काढतो. ज्याला धुतले त्याने पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचे. हसला की संपले. बाहेर येऊन दोघे एका ग्लासातून पितात. मी हसायला तयार होऊन बसलो होतो. महिनाभर त्याचीच वाट बघत होतो म्हटले तरी चालेल.

*फोनला विचारलं, फोन म्हणाला, मोकळं आहे नाव,*
*जित्या माणसाचं दार सोडून धुंडला सगळा गाव!*
*हॉलिसभाऊ पोस्टरवाले, छापा आधी, पुसा मग,*
*सिरिंजबाई, सुई आवरा, अंगात आहे अजून धग!*

सभागृह हसून दणाणले. हॉलिस पोट धरून हसत होता. अकीशा पडद्याआडून बाहेर येऊन वाकून नमस्कार करून गेली. दुसऱ्या कडव्यात पोर्तुगालचे मांजर आले, तिसऱ्यात ढोलवाला, चौथ्यात पंखा दुरुस्त न करणारा इलेक्ट्रिशियन. प्रत्येक कडवे संपताना बॅरोंची नजर पहिल्या रांगेवरून फिरे, खुर्चीमागून खुर्ची, आणि माझ्यावरून ती पुढे जाई. रागाने नव्हे. जिथे कोणी बसलेले नाही अशा खुर्चीवरून जाते तशी.

खेळ संपल्यावर अकीशा माझ्याजवळ आली. घामाने भिजलेली, आनंदात.

"वाचलात हं काका! तुम्हाला सोडून दिलं त्यांनी."

"हो," मी म्हणालो.

कार्निव्हलपर्यंत असे सहा रविवार झाले. बॅरो सहाही वेळा बाराव्या नंबरावर गायले, आणि दर वेळी नवी कडवी रचली; त्यांतल्या एकातही माझे नाव नव्हते. मला ते दारात भेटत, "काय पँटिन, बरं आहे ना?" असे विचारत, नंबर घेत. मी सहाही रविवार पहिल्या रांगेत, मंचाच्या अगदी समोर, दिव्याच्या उजेडात बसलो.